दोन वर्षांची कैद, दहा सेकंदांचा हस्तक्षेप

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, वर पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश बंद. तरीही २०१९ मध्ये मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातल्या डॉ. पायल तडवी यांनी जीव गमावला आणि सीनिअर डॉक्टरांवर जातीवरून छळाचे आरोप झाले.

गुन्हेशास्त्र सांगतं, धाक बसतो तो शिक्षेच्या आकारापेक्षा ती होणारच या खात्रीचा. निवासी डॉक्टरसाठी ही खात्रीच लंगडी. काम शिकवणारा सीनिअरच. त्याची तक्रार करून त्याच वॉर्डात रात्रपाळी कोण करणार?

तक्रार अवघड, तर उरतात आजूबाजूचे बघे. टोरांटोतल्या शाळांच्या मैदानांवर संशोधकांनी मुलांचं चित्रण केलं. दादागिरी चालू असताना बहुतेक वेळा बघे हजर होते, मध्ये पडणारे मोजकेच. पण कुणी पडलंच, तर निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला! आपल्याकडे मात्र, लालबागच्या चाळीतही, सल्ला मिळतो तो सोसणाऱ्यालाच, आणि एकच: ‘तूपण एक ठेवून दे.’ उलट फिनलंडच्या शाळांतला ‘किवा’ उपक्रम बघ्यांना तयार करतो. वर्गात वजन असलेल्या दोन-चार मुलांना शिक्षक गाठतात आणि छळ सोसणाऱ्याच्या सोबत राहायला सांगतात.