डोंगरावरची घाण, पायथ्याचं पाणी

वैजापूरच्या माणसाला सह्याद्रीच्या कचऱ्याशी काय देणंघेणं, असं कुणी विचारलं तर मी नांदूर-मधमेश्वरच्या जलदगती कालव्याकडे बोट दाखवतो. त्याला इगतपुरीकडच्या मुकणे, भावली, भाम, वाकी या धरणांचं पाणी मिळतं. कळसूबाईच्या रांगेचा उत्तर उतार त्याच दारणेच्या खोऱ्यात येतो. दक्षिणेचं पाणी प्रवरेतून गोदावरीला मिळतं. म्हणजे १६४६ मीटर उंचीच्या त्या शिखरावरचा पाऊस दोन्ही वाटांनी आपल्याकडेच निघालेला असतो.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झालं. आता शनिवार-रविवारी तिथे रीघ लागते. काजव्यांच्या दिवसांत तर विचारूच नका. बाटल्या, वेष्टनं डोळ्यांना दिसतात, ती उचलताही येतात. पण गडावर रात्र काढणारी माणसं पहाटे बसतात कुठे, हे कुणी बोलत नाही.

गावातल्यासारखा संडास बांधून तिथे भागत नाही. शोषखड्ड्याला माती लागते. गडाच्या माथ्यावर तर काळा कातळ, त्यावर मातीचा जेमतेम थर. मुरण्याआधीच पावसात सगळी घाण वाहून खडकातल्या टाक्यांत आणि झऱ्यांत उतरते. पुढे नदीत ती विरळ होते, आणि नळाचं पाणी शुद्ध केलेलं असतं. पायथ्याच्या महादेव कोळी, ठाकर वाड्यांवर मात्र झऱ्याचं पाणी थेट हंड्यात येतं. हगवण, कावीळ आधी त्यांच्या लेकरांना गाठते.

यावर उपाय आहे कोरड्या संडासाचा. त्यात पाणी ओतायचं नाही, दरवेळी राख किंवा लाकडाचा भुसा टाकायचा. खड्डा भरला की झाकून ठेवायचा. कालांतरानं त्याचं खत होतं. तोही नसेल तर पाण्यापासून शंभरेक पावलं दूर, मातीत वीतभर खड्डा करून बुजवावा. मातीच नसेल तर पिशवीत बांधून खाली आणावं. हसू नका! अलास्कातल्या देनालीच्या शिखरावर जाणारे गिर्यारोहक त्यासाठी झाकणाचे डबे नेतात, आणि एव्हरेस्टकडच्या स्थानिक पालिकेनं २०२४ साली अशा पिशव्या सक्तीच्या केल्या.

आमच्या अवर्षणाच्या तालुक्यात आडाच्या काठावर चपला घालून गेलेलं जुन्या माणसांना खपत नसे. गड चढताना एवढंच ध्यानात ठेवावं, की तोही कुणाचा तरी आड आहे.