संतवाणी सर्वांची, स्वर मात्र गायकाचा

श्रीगणेशचतुर्थीच्या मंगल प्रभाती मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, दूर्वा वाहिल्या जातात, मोदकांचा नैवेद्य दाखविला जातो आणि घराघरांतून टाळांच्या नादात आरतीचे स्वर उमटू लागतात. समर्थ रामदासस्वामींनी रचलेली गणरायाची आरती या दिवसांत म्हटली जात नाही, असे मराठी घर विरळाच. त्या समर्थांचे जन्मस्थान जांब हे आपल्याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. शके १५३०, म्हणजे सन १६०८ च्या रामनवमीस ठोसरांच्या घरी नारायणाचा जन्म झाला आणि पुढे अवघा महाराष्ट्र त्यास समर्थ म्हणू लागला. राजूरच्या महागणपतीची चतुर्थी असो, अंबडच्या मत्स्योदरी देवीचे नवरात्र असो, वा जुन्या जालन्यातील आनंदी स्वामींचा आषाढी एकादशीचा उत्सव असो, या भूमीत देवाची सेवा कंठाने होत आली आहे.

आता या सेवेस एक नवे अंगण लाभले आहे. मंडपात भजन उभे राहिले, पखवाजावर थाप पडली, की दहा हात मोबाईल घेऊन वर होतात आणि रात्र सरण्यापूर्वी ते भजन यूट्यूबवर वा फेसबुकवर जाऊन पोहोचते. परगावी नोकरीस असलेल्या लेकरांना गावच्या उत्सवाचे दर्शन घडते, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्याबरोबर काही प्रश्नही उभे राहतात. गायिलेले भजन कोणाचे? ते जगापुढे मांडण्याचा अधिकार कोणाचा? आणि त्यावर जाहिरातींचे चार पैसे मिळालेच, तर ते कोणी घ्यावेत?

एका गाण्याचे अनेक धनी

एका भक्तिगीतात शब्द, चाल, गायन-वादन आणि ध्वनिमुद्रण अशा चार गोष्टी एकत्र नांदतात. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने या प्रत्येकीचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत व निधनानंतर साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे, तर गायक-वादकांचा हक्क सादरीकरणानंतरच्या वर्षापासून पन्नास वर्षे असतो.

ज्ञानोबा, नामदेव, तुकोबा, समर्थ यांची वाणी शतकांपूर्वीची. तिच्यावर कोणत्याही कंपनीची मालकी नाही. पारंपरिक चालीही सर्वांच्या. परंतु तुकोबांच्या अभंगास श्रीनिवास खळे यांनी चाल दिली व लता मंगेशकर यांनी तो गायिला, म्हणजे शब्द सर्वांचे राहिले तरी चाल खळ्यांची झाली. खळे २०११ साली निवर्तले. त्यांच्या चालींवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत राहील. त्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क आणखी निराळा.

गावातील भजनी मंडळांस अडचण येते ती येथेच. उत्सवाच्या चित्रफितीमागे प्रसिद्ध गायकाची ध्वनिफीत जोडली, की यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि चित्रफितीचे उत्पन्न हक्कदार कंपनीकडे वळते किंवा चित्रफीत दिसेनाशी होते. २००७ पासून चालत आलेली ही ओळख यंत्राकडून होते, आणि यंत्राची चूकही होऊ शकते. मंडळाने पारंपरिक चालीतील अभंग स्वतः गायिला असताना दावा आला, तर त्यास रीतसर हरकत घेता येते. दावेदारास तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. घाबरून चित्रफीत काढून टाकण्याचे कारण नाही.

मंडपातील मुभा

धर्मकार्यासाठी कायद्याने उदार सवलत ठेविली आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गीत गाणे वा ध्वनिमुद्रिका वाजविणे हा हक्कभंग ठरत नाही. लग्नाची वरात व विवाहाशी निगडित समारंभही त्यात येतात, हे केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये एका सूचनेद्वारे पुन्हा स्पष्ट केले. गणेशाच्या आरतीस ध्वनिमुद्रिका लावणाऱ्या कुटुंबाने किंवा मंडळाने यास्तव निश्चिंत असावे. परंतु तीच ध्वनिमुद्रिका इंटरनेटवर चढविणे हे विधीच्या बाहेरचे कृत्य होय. मंडपातली मुभा तेथवर पोहोचते, असे गृहीत धरून चालू नये.

गायकाची दीर्घ प्रतीक्षा

आज गायकास हक्क आहे, हे सहजासहजी घडलेले नाही. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकासही ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीत वाटा मिळावा, असा आग्रह धरला. महंमद रफी यांचे मत निराळे होते, आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे सोडले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांवर निर्मात्याचा हक्क मान्य केला. त्याच वेळी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकास कायद्यात स्थान नसल्याबद्दल खंत नोंदविली. ते स्थान १९९४ च्या दुरुस्तीने मिळाले. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी उपयोगातून रॉयल्टी मिळण्याचा आणि सादरीकरणावर आपले नाव राहण्याचा हक्क गायक-वादकांस दिला.

हा कायदा केवळ मुंबईच्या नामवंतांसाठी नाही. सादरीकरण करणारा कोणीही त्यात येतो. गावचा कीर्तनकार, पेटीवाला, पखवाजी आणि भारुड रंगविणारा सोंगाड्या यांच्या संमतीवाचून त्यांचे गायन-वादन मुद्रित करणे व जगापुढे मांडणे हा त्यांच्या हक्कास बाध आहे. कीर्तनकाराने दोन तास घसा कोरडा करावा, आणि पहिल्या रांगेत मोबाईल धरून बसलेल्याने त्यावर आपले चॅनेल चालवावे, यात भक्ती किती व व्यापार किती, हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे.

यंत्र आता आवाजाचीही नक्कल करू लागले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली अरिजित सिंग आणि २०२५ साली आशा भोसले यांच्या आवाजाची अशी अनधिकृत नक्कल रोखणारे आदेश दिले. कंठ ही ज्याची त्याची ईश्वरदत्त ठेव आहे, हे न्यायासनानेही मानले.

मंडळांनी काय करावे?

उत्सवापूर्वी कीर्तनकार व कलावंतांस मुद्रणाविषयी स्पष्ट विचारावे आणि होकार लेखी घ्यावा. चित्रफितीखाली रचनाकार, चाल देणारा, गायक व साथीदार यांची नावे द्यावीत. उत्पन्न आलेच, तर वाटणी आधी ठरवावी. कंपनीशी करार करताना मुदत, प्रदेश, रॉयल्टी आणि माध्यम या चारही गोष्टी कागदावर असाव्यात. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, व प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. नवे भक्तिगीत रचणाऱ्या कवी-संगीतकारांनी १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीआरएस या संस्थेचे सभासदत्व घेतल्यास इंटरनेटवरील वापराची रॉयल्टी तिच्यामार्फत मिळू शकते. पहिले ध्वनिमुद्रण तारखेसह जपून ठेवावे. वाद उद्भवल्यास तोच साक्षीदार.

ऑगस्ट २०२२ मध्ये जांब येथील राममंदिरातून समर्थांच्या देवघरातील पंचधातूच्या मूर्ती चोरीस गेल्या, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. पोलिसांनी तपास करून मूर्ती परत मिळविल्या आणि गावाचा जीव भांड्यात पडला. मूर्ती नाहीशी झाली की गाभारा रिकामा दिसतो. गायकाचा स्वर परस्पर नेला, त्याचे नाव पुसले, तर कोठेच काही रिकामे दिसत नाही. म्हणूनच त्याविषयी अधिक जागरूक राहावयास हवे.

आपल्या संतांनी वाणी मुक्तहस्ते वाटली, तिचे मोल कोणाकडे मागितले नाही. तरीही अभंगाच्या अखेरीस त्यांनी आपली नाममुद्रा ठेविली. आरतीच्या शेवटच्या चरणात समर्थही रामाचा दास म्हणून उभे आहेत. आरती म्हणणारे प्रत्येक कुटुंब नकळत ते नाव घेते, आणि चारशे वर्षे ते कोणी गाळलेले नाही. हाच मान आपण आपल्या गावच्या गायकास, वादकास आणि कीर्तनकारास देऊ या. कलावंताचे श्रेय त्याच्या पदरी घालणे, हीही त्या विद्यापती गजाननाची पूजाच होय.