पावसाळ्यातली रविवारची सायकल: वरळी ते मरीन ड्राइव्ह

बीडीडी चाळीतल्या सायकलवाल्यांनो, पाऊस आला म्हणून सायकल जिन्याखाली ठेवून देऊ नका! वाट अशी: जांबोरी मैदान, वरळी सी-फेस, हाजी अली, पेडर रोडचा चढ, गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह. रविवारी पहाटे रमतगमत गेलं की नवख्यांनाही जमतं. सी-लिंक आणि कोस्टल रोडवर मात्र सायकलला बंदी आहे.

🚲 नैऋत्येचा वारा जाताना समोरून, येताना पाठीशी. जाताना दम राखा, आळीपाळीने पुढे राहा.
🌊 भरती ४.५ मीटरच्या वर असेल, तर समुद्राच्या कठड्यापासून लांब राहा.
🌧️ ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो. गटाराची झाकणं, पांढरे पट्टे निसरडे असतात. तिथे वळू नका.
🔧 घरी आल्यावर चेन पुसून तेल द्या.

मागे राहिलेल्यासाठी सगळे थांबतात, चहाही एकत्रच होतो. या रविवारी नक्की या!