परवाना घरी, फसवणूक दारी

पश्चिम आफ्रिकेतील बेनिन या देशाचे नाव मराठवाड्यात सहसा कोणाच्या कानावर पडत नाही. १९६० साली फ्रेंच सत्तेपासून मुक्त झालेला आणि १९७५ पर्यंत दाहोमी या नावाने ओळखला जाणारा हा देश नकाशावर शोधावाच लागतो. परंतु तेथील प्रमुख पीक नांदेडकरांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. ते म्हणजे कापूस. ‘नांदेड ४४’ हे संकरित वाण ज्या मातीतून पुढे आले, त्या मातीतील शेतकऱ्याप्रमाणेच बेनिनचा शेतकरीही पावसाच्या आणि जागतिक बाजारभावाच्या लहरीवर जगतो. कापसाच्या तंत्रज्ञानाविषयी आफ्रिकी देशांना साहाय्य करण्याचा कार्यक्रम भारताने २०१२ मध्ये हाती घेतला, त्यात बेनिनचाही समावेश होता. भारतीय काजू कारखान्यांना लागणाऱ्या कच्च्या काजूचा मोठा वाटाही पश्चिम आफ्रिकेतूनच येत आला आहे. तेव्हा नांदेड वा लातूरच्या एखाद्या तरुणाला व्यापारासाठी, अभ्यासासाठी किंवा आबोमेचे राजवाडे पाहण्यासाठी तिकडे जावेसे वाटले, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

पूर्वी अशा प्रवासाची पहिली पायरी म्हणजे दिल्लीची वारी असे. दूतावासात पासपोर्ट द्यायचा आणि तो परत येईपर्यंत वाट पाहायची, हा शिरस्ता. बेनिनने २०१८ मध्ये विद्युतीय व्हिसाची पद्धत सुरू केली. संकेतस्थळावर अर्ज भरावा, पासपोर्टची प्रत व छायाचित्र जोडावे, शुल्क बँकेच्या कार्डाने भरावे आणि मंजुरीचा कागद ई-मेलने मिळवावा, असा हा क्रम आहे. तीस दिवसांच्या एकप्रवेशी व्हिसासाठी ५० युरो शुल्क ठरविण्यात आले. भारतानेही हीच वाट २०१४ मध्ये धरली. नांदेडच्या हुजूर साहिबच्या दर्शनाला परदेशांतून येणाऱ्या अनेक भाविकांना ती सोय परिचित आहे. टपाल कार्यालयांतून पासपोर्ट सेवा केंद्रे उघडण्याची योजना २०१७ मध्ये आली आणि नांदेड-लातूरकरांची पासपोर्टसाठीची पायपीटही कमी झाली. हे सारे स्वागतार्हच आहे.

तथापि अंतर मिटले म्हणजे अज्ञान मिटले, असे नव्हे. किंबहुना सरकारी खिडकी डोळ्यांसमोरून नाहीशी झाली, की खरी खिडकी कोणती आणि खोटी कोणती, हे ओळखणे अधिक अवघड होते. अधिकृत संकेतस्थळाशी मिळतेजुळते नाव घेऊन दुप्पट-तिप्पट शुल्क उकळणाऱ्यांचा धंदा जगभर चालतो. ज्या देशाची राजभाषा फ्रेंच, त्याचे कागदपत्र मराठी माध्यमातून शिकलेल्या तरुणाने कोणाकडून तपासून घ्यावेत? मग गल्लीतला ‘जाणकार’ पुढे येतो. अर्धा तास पुरेल अशा कामाचे तो मन मानेल तसे पैसे घेतो, आणि पुष्कळदा अर्जात काय लिहिले हे खुद्द अर्जदारालाही सांगत नाही. अर्जातील चुकीची जबाबदारी मात्र अर्जदाराचीच असते.

याहूनही गंभीर धोका दुसराच आहे. पर्यटनाचा परवाना हा नोकरीचा परवाना नव्हे. परंतु ‘आधी पर्यटक म्हणून जा, काम तिथे गेल्यावर मिळेल’ असे आमिष बेकार पदवीधराला सहज पटते. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला सरकारी नोंदणी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने बंधनकारक केली. दहावी न झालेल्या व्यक्तीने नोकरीसाठी परदेशी जाताना आगाऊ सरकारी तपासणी करून घ्यावी, असाही दंडक घालण्यात आला. पण तो अठरा देशांपुरता होता आणि त्या यादीत पश्चिम आफ्रिकेतील एकही देश नव्हता. शिवाय पर्यटक म्हणून निघालेल्याला नोकरीचा करार कोण विचारणार? आखातात जाणाऱ्या गवंड्याच्या वाटेवर निदान एक पहारेकरी उभा असतो. या वाटेवर तोही नाही. जुलै २०२५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतीलच माली या देशात एका सिमेंट कारखान्यातून तीन भारतीयांचे अपहरण झाले. रीतसर नोकरीवर असणाऱ्यांवर असा प्रसंग येतो, तर खोट्या कारणाने गेलेल्याचा ठावठिकाणा दूतावासाने तरी कसा शोधावा?

तिसरी बाब पीतज्वराच्या लसीची. पश्चिम आफ्रिकेतील बहुतेक देशांत या रोगाचा धोका आहे. भारतात हा रोग नाही, पण तो पसरविणारा डास मात्र मुबलक आहे. त्यामुळेच लशीच्या प्रमाणपत्रावाचून तिकडून परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवण्याचा नियम आहे. हे प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते आजन्म ग्राह्य धरले जाते. ही लस अधिकृत केंद्रांतच मिळते. ती केंद्रे मोजकी आणि बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. व्हिसा घरबसल्या मिळाला, तरी लशीचे गणित आधी न मांडणारा प्रवासी तिकिटाचे पैसे गमावून बसतो.

सज्ञान माणसाने स्वतःची काळजी स्वतः घ्यावी, सरकारने प्रत्येकाचे बोट का धरावे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु माहिती मिळविण्याची साधने ज्याच्यापाशी आहेत, त्यालाच हा उपदेश शोभतो. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला अनुभवी शेजारी मिळतो. मुखेड किंवा अहमदपूरच्या मुलाला तो बहुधा मिळत नाही.

आणि करावयाचे ते फार खर्चाचेही नाही. नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. त्याने नांदेड आणि लातूर येथे मराठीतून परदेश प्रवासाचे मार्गदर्शन देणारा एक कक्ष चालवावा. कोणत्या देशाचे अधिकृत संकेतस्थळ कोणते, कोणता दलाल नोंदणीकृत, याचे फलक पासपोर्ट सेवा केंद्रांत ठळकपणे लावावेत. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे पीतज्वराच्या लशीची नियमित सोय असावी. आणि शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एवढे एक वाक्य तरी शिकवावे, की ज्या कागदावर आपली सही आहे, तो वाचल्यावाचून पुढे पाठवू नये.

जगाचे दरवाजे मराठवाड्याच्या तरुणासाठी उघडत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. तो त्या दरवाजातून ताठ मानेने आत गेला पाहिजे आणि सुखरूप परतलाही पाहिजे. त्यासाठी लागणारी माहिती त्याच्याच गावात आणि त्याच्याच भाषेत मिळाली नाही, तर ती पुरविणारा दलाल गावोगाव उभा राहील आणि तिची किंमतही तोच ठरवील.