शिक्षकांच्या खोलीतील मर्यादा

वर्गात शिक्षकाने कसे वागावे याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. पण शिक्षक आपसांत बसले असता त्यांनी कसे वागावे, हा प्रश्न सहसा कोणी काढीत नाही. मधल्या सुट्टीत चहा घेत बसलेल्या दहाबारा माणसांना नियम कसले, असे मलाही पुष्कळ वर्षे वाटत असे.

एका प्रसंगाने ते मत पालटले. आठवीतील एका मुलीने वडिलांची नोकरी सुटल्याचे मला विश्वासाने सांगितले होते. मी ती गोष्ट कळवळ्यानेच सहकाऱ्यांत बोललो. दोन दिवसांनी एकाने भर वर्गात, "तुझ्या घरची अडचण आम्हांला ठाऊक आहे," असे म्हणून तिला धीर दिला. त्यांचा हेतू चांगलाच होता. मुलगी मात्र त्यानंतर माझ्यापाशी घरचे अवाक्षरही बोलली नाही.

५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिस येथील परिषदेने शिक्षकांच्या दर्जाविषयी एक शिफारस संमत केली. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या या शिफारशीचे ७३वे कलम असे की, शिक्षकांची आचारसंहिता शिक्षकांच्या संघटनांनी तयार करावी. सारे मर्म येथेच आहे. वरून आलेला नियम म्हणजे हुकूम; तो चुकविण्याच्या वाटा आपण लगेच शोधतो, आणि या कलेत आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांहून मागे नाही! आपण मिळून ठरविलेला नियम मोडला, तर मात्र शेजारी बसणाऱ्याच्या नजरेला नजर देणे जड जाते.

अमेरिकेतील राष्ट्रीय शिक्षण संघाच्या १९७५ सालच्या संहितेत विद्यार्थ्याची खाजगी माहिती कामाच्या गरजेखेरीज वा कायद्याच्या आज्ञेखेरीज उघड करू नये, असे म्हटले आहे. सहकाऱ्याविषयी जाणूनबुजून खोटे वा द्वेषमूलक बोलू नये, असेही तीत आहे. आम्ही आमच्यापुरते ठरविताना हीच दोन सूत्रे घेतली. पहिल्यावर वाद झाला नाही. दुसऱ्यावर दोन बैठका गेल्या. एका ज्येष्ठ बाईंनी विचारले, "मग सहकाऱ्याच्या चुकीवर कोणी बोलायचेच नाही काय?" प्रश्न रास्त होता. शेवटी ठरले ते असे: जे त्या व्यक्तीच्या समोर सांगण्याची आपली तयारी नाही, ते तिच्या पाठीमागे बोलू नये, आणि समोर सांगावयाचे तेही एकांतात.

गुप्ततेला एक अपवाद मात्र आम्ही ठळक अक्षरांत लिहून ठेवला. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले वा होण्याची शंका आली, तर २०१२ सालच्या 'पॉक्सो' कायद्याच्या १९व्या कलमानुसार पोलिसांना कळविणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. तेथे सहकाऱ्याची अब्रू किंवा शाळेचे नाव आड येता कामा नये. पोटात ठेवण्याच्या गोष्टी आणि दडपण्याच्या गोष्टी यांत आपली माणसे, दुर्दैवाने, फार गल्लत करतात.

नियम मोडणाऱ्याला शिक्षा कोणती, हे आम्ही लिहिलेले नाही. ज्याच्या कानी ते बोलणे पडले, त्याने बोलणाऱ्याला बाजूला घेऊन सांगावे, एवढेच ठरले आहे. आजवर मला दोनदा असे बाजूला घेण्यात आले. पहिल्या वेळी मी वाद घातला.