माळ्यावरचा संगणक

माळ्यावरचा पेंटियम संगणक खाली काढला तो धाकट्या बहिणीच्या हट्टाने. तिला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळायचा होता. १९९० साली डॉस या प्रणालीसाठी निघालेला हा खेळ आम्ही भावंडांनी पाळ्या लावून खेळलेला! पण यंत्रावर आता प्रणाली कोणती घालावी?

भाचा म्हणाला, "मामा, विंडोज एक्सपी घाला." २००१ ची ही प्रणाली देखणी खरी, पण तिच्या तळाशी डॉस नाही, त्याची नुसती नक्कल आहे. जुने खेळ तीत अडखळतात, पुष्कळदा आवाजच गमावतात. मुका राजपुत्र घेऊन काय करायचे? निव्वळ डॉस ठेवावे, तर पुढचे विंडोजवरील खेळ हुकतात. म्हणून आमचा कौल पडला १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीला. तीतून अस्सल डॉसमध्ये उतरता येते. मेमरी मात्र ५१२ मेगाबाइटांहून अधिक देऊ नये, ती बिथरते. (श्रीमंती सर्वांनाच मानवते असे नाही.)

खरी धास्ती होती ती 'एफडिस्क'ची. ही आज्ञा हार्ड डिस्कचे विभाग नव्याने पाडते; जुना विभाग मोडला की त्यातले सारे गेलेच. आणि आमच्या डिस्कवर वडिलांनी टंकलेली पत्रे होती! ती आधी उतरवून घेतली, डिस्क काढून कपाटात ठेवली, आणि मग दुसरी जोडली.

तिन्हीसांजेला राजपुत्र तळघरात उभा राहिला. बहिणीने तिसऱ्याच उडीला त्याला सुळ्यांवर घातला.

"दादा, ही धरायची नाही हं," ती म्हणाली.