वेग रुळाचा असतो

लेखमाला : चाकाखालची वाट – लेखांक ६

३० एप्रिल २००३ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधील होलोमन हवाई तळावर एक रॉकेट स्लेड, म्हणजे रॉकेटने ढकललेली घसरगाडी, रुळांवरून ताशी सुमारे १०,३२५ किलोमीटर वेगाने गेली. हा वेग ध्वनीच्या साडेआठ पट होता. या गतीने लातूरहून निघालेली वस्तू मिनिटाच्या आत नांदेडला पोचेल. प्रत्यक्षात लातूरकराला रेल्वेने नांदेड गाठायचे तर लातूर रोड, परळी, परभणी, पूर्णा असा वळसा पडतो आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो. होलोमनच्या विक्रमाचे श्रेय बहुतेक सगळे रॉकेटला देतात. मला मात्र त्यातला मोठा वाटा रुळाचा दिसतो, आणि मराठवाड्याच्या रेल्वेचा विचार करताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

स्लेडला चाके नसतात. इतक्या गतीने फिरणारे चाक स्वतःच्याच ताणाने फुटेल. म्हणून रुळाच्या माथ्याला वरून, बाजूने आणि खालून कवेत घेणारे धातूचे बूट लावतात आणि गाडी त्यांवर घसरत जाते. इथे खरी परीक्षा रुळाची सुरू होते. सेकंदाला पावणेतीन किलोमीटरहून अधिक अंतर कापताना रुळावरचा बारीकसा उंचवटाही बुटावर घणासारखा बसतो. दोन्ही धातू क्षणभर वितळल्यासारखे वाहतात आणि रुळावर खड्डे पडतात. त्यावर उपाय म्हणून पंधरा किलोमीटरहून लांब असलेल्या त्या मार्गाचे रूळ अखंड जोडलेले आहेत. वाळवंटाच्या उन्हात ते फुगून वाकू नयेत म्हणून आधीच ताणून बसवले आहेत. त्यांची सरळ रेषा इंचाच्या शतांशाहूनही कमी फरकाने जुळवली जाते, माथ्यावर संरक्षक लेप दिला जातो. विक्रमी धावेत तर मार्गाच्या काही भागावर हवेऐवजी हेलियम भरून ठेवला होता, कारण हलक्या वायूत विरोध आणि उष्णता दोन्ही कमी होतात. रॉकेट जळते काही सेकंदच. त्याआधीची सगळी मेहनत वाटेवर झालेली असते.

यावर पहिला आक्षेप असा की हा जमिनीवरचा खरा विक्रमच नव्हे. मोटारींचा अधिकृत विक्रम १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अँडी ग्रीन यांनी थ्रस्ट एसएससी या गाडीने केला, ताशी सुमारे १,२२८ किलोमीटर. त्यात चालक होता, चाके होती, आणि तासाभरात उलट दिशेनेही धाव घ्यायची होती. आक्षेप रास्त आहे. स्लेड हे वाहतुकीचे साधन नाही, ते चाचणीचे उपकरण आहे. आपल्याकडे चंडीगडजवळ रामगडला डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या टीबीआरएल प्रयोगशाळेचा चार किलोमीटरचा असाच मार्ग आहे. गगनयानाच्या पॅराशूटच्या चाचण्या तिथे झाल्या. डिसेंबर २०२५ मध्ये लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेची ताशी ८०० किलोमीटर वेगावर चाचणीही तिथेच झाली. पण उपकरण म्हणूनच त्याचा धडा स्वच्छ आहे: नेमका वेग हवा असेल तर आधी वाट नेमकी लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ३ एप्रिल २००७ रोजी फ्रान्सच्या टीजीव्हीने ताशी ५७४.८ किलोमीटर गाठले, तेव्हा गाडीतही मोठे बदल केले होते. चाके मोठी, मोटारी अधिक ताकदीच्या. मग श्रेय गाडीचे नाही काय? आहेच. पण ती धाव नव्याने बांधलेल्या मार्गावर झाली आणि त्या दिवसापुरता तारांचा ताण व वीजदाबही वाढवला होता. तीच गाडी जुन्या मार्गावर नेली असती तर त्या मोटारींचा जोर वापरताच आला नसता.

आता लातूरकडे या. ब्रिटिश अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली. अडीच फुटांचे गेज, मीटरला जेमतेम पंधरा किलोंचा रूळ, म्हणून प्रत्येक आसावर पाच टनांची मर्यादा. कमी पैशात रेल्वे आणण्यासाठी तो हिशेब चोख होता, पण त्या वाटेने गाडीचे वजन आणि वेग कायमचे बांधून टाकले. सुमारे शतकभराने गेज परिवर्तन झाले, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ ही पाण्याची गाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटर धावून तहानलेल्या लातूरला आली. पहिल्या खेपेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. वाघिणी आणि इंजिने देशात आधीपासून होती. ब्रॉडगेज नसते तर ती लातूरपर्यंत आलीच नसती. आज लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे आणि वंदे भारतच्या शयनयान गाड्या तिथे बांधण्याचा करार झाला आहे. या गाड्यांचा आराखडा ताशी १८० किलोमीटर वेगाचा. याउलट ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून सुटणारी वंदे भारत मुंबईपर्यंतच्या सुमारे ६१० किलोमीटरला साडेनऊ तासांच्या आसपास घेते, म्हणजे सरासरी ताशी ६४-६५. थांबे आहेत, कसारा घाट आहे, हे मान्य. तरी परभणी ते मनमाड हा बहुतांश पट्टा एकेरी असेल तर समोरून येणाऱ्या गाडीसाठी कोणाला तरी क्रॉसिंगला उभे राहावेच लागते, मग डबे कितीही नवे असोत.

नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवता येतो, रुळाखालच्या खडीला दाखवता येत नाही, म्हणून मागण्याही गाड्यांच्याच होतात. रूळ महाग पडतात, त्यांना वर्षे लागतात, तोवर गाडी तरी मिळू द्या, असे लोक म्हणतात, आणि त्यांची निकड खरी आहे. पण दुहेरीकरण झाले की मालगाडीपासून पॅसेंजरपर्यंत सगळ्यांचा खोळंबा कमी होतो. नवा रेक आला तर फायदा त्यातल्या प्रवाशांपुरता. म्हणून मनमाड–छत्रपती संभाजीनगर आणि पुढे परभणीपर्यंतच्या दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली ही कोणत्याही नव्या गाडीपेक्षा मोठी बातमी होती. नांदेड–लातूर रोड थेट मार्गाची जुनी मागणीही याच रांगेत आधी यायला हवी.